नटांबद्दल मुलांना बोलतं करायचं असेल तर तीन सुपं घ्या

मे महिन्यात आमच्या वाडीत मुंबईची मुलं येतात. इथली मुलं आणि ती मुलं पहिले दोन दिवस एकमेकांकडे नुसती बघत राहतात, तिसऱ्या दिवशी फोनमधला एखादा हिरो दोघांच्यात पूल बांधतो. मी शाळेतून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली. पण वाचनालयाची किल्ली माझ्याकडेच आहे, त्यामुळे सुट्टीत एक दिवस मी पडवीत चर्चा ठेवते. कुडाळच्या आसपासच्या दोन-तीन शिक्षकांनी ‘बाई, तुम्ही हे कसं घेता?’ असं विचारलं, म्हणून लिहून काढते आहे. बारा ते सोळा वयाची मुलं धरून चाला.

फळ्यावर ‘चित्रपट कलाकारांची सामाजिक जबाबदारी’ असं लिहू नका. पहिल्या वर्षी मी तेच लिहिलं आणि तासभर पाठ केलेली भाषणं ऐकली. नट हे समाजाचे आरसे आहेत, दीपस्तंभ आहेत, शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’. त्याच वर्षी मी आणखी एक गाढवपणा केला. नववीतल्या एका मुलाला सगळ्यांसमोर म्हटलं, घरातलं ते पोस्टर काढून टाक, त्या माणसाचं काय घेण्यासारखं आहे? तो मुलगा नंतर वाचनालयात आला नाही. पोस्टर अर्थातच तिथेच राहिलं. तेव्हा पहिला नियम हा: मुलाच्या आवडत्या नटाला नावं ठेवून सुरुवात करायची नाही.

त्याऐवजी आदल्या दिवशी मुलांना बाजारात पाठवा. वही-पेन्सिल द्या आणि सांगा, एसटी स्टँडपासून मच्छी मार्केटपर्यंत जितके प्रसिद्ध चेहरे दिसतील तितके लिहून आणा. बनियन, सिमेंट, सोनं, तेल, टपरीवर लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळा. कोण आहे आणि काय विकतो आहे, एवढंच. गेल्या मे महिन्यात आमच्या पोरांनी एकतीस चेहरे आणले. त्यातले सात टपऱ्यांवरचे.

मग प्रत्येक गोष्टीची एक चिठ्ठी करायची. यात फक्त जाहिराती नकोत. ‘अमक्याने व्हिलनचं काम केलं’, ‘तमक्याचा घटस्फोट झाला’, ‘याने पूरग्रस्तांना पैसे दिले’ अशाही चिठ्ठ्या मुलांकडून लिहून घ्या. पडवीत तीन सुपं मांडा. पहिलं भूमिकेचं. दुसरं माणसाचं, म्हणजे घरी तो कसा वागतो त्याचं. तिसरं विकलेल्या नावाचं. प्रत्येक चिठ्ठी कुठल्या सुपात जाईल हे ज्याची चिठ्ठी त्याने सांगायचं, बाकीच्यांनी भांडायचं. तुम्ही मध्ये पडू नका, मोह खूप होतो.

भूमिकेच्या सुपाबद्दल बोलताना मी माझ्या वडिलांची गोष्ट सांगते, तुम्ही तुमच्या गावातली सांगा. बाबा दशावतारी होते. दुःशासन करायचे. लिहिलेलं नाटक नसतंच, संवाद तिथल्या तिथे सुचायचे, आणि बाबांना दुःशासनाच्या तोंडचं जरा जास्तच सुचायचं. एका जत्रेत एका आजीने पुढे येऊन त्यांना शिव्यांची लाखोली वाहिली. सकाळी त्याच आजीच्या पडवीत बाबा चहा पीत होते. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असं आमच्याकडे म्हणतात ते उगाच नाही. रंग उतरला की माणूस सुटतो. निळू फुल्यांना पडद्यावर बघून बायका पदर सावरायच्या म्हणतात. तोच माणूस राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतला. डॉ. श्रीराम लागूंबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग त्यांनी केले ते सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, म्हणजे गावोगाव राबणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. मुलांना हे फार आवडतं. वाईट माणसाची भूमिका चांगली वठवणं हा काही गुन्हा नाही, हे त्यांना एका दमात पटतं.

आणि इथेच तुमचं सूप गळणार, तयारी ठेवा. आमच्याकडे सातवीतली एक पोर उठली आणि म्हणाली, “बाई, मगे माझो काको सिनेमातल्या हिरोक बघूनच सिगरेट वडूक शिकलो, ती चिठ्ठी खंयच्या सुपात घालूची?” मला उत्तर आलं नाही. सिगरेट ओढणारा तो हिरो भूमिकेतच होता. पण काकाला भूमिका दिसली नव्हती, ऐट दिसली होती. आपण थोडं थांबायचं, मुलांना भांडू द्यायचं. मग माहिती पुरवायची: 2012 पासून पडद्यावर सिगरेट दिसली की खाली इशाऱ्याची पट्टी येते, सिनेमाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी फीत दाखवावी लागते. कन्नडचे राजकुमार पडद्यावर सिगरेट-दारूपासून लांब राहिले, तरी त्यांचं काही अडलं नाही. माझं स्वतःचं मत असं की दुःशासनाने साडी ओढली तर प्रेक्षकाला दुःशासनाचा राग येतो. हिरोने सिगरेट पेटवली की प्रेक्षकाला सिगरेट आवडते. हा फरक नटाला कळतो, दिग्दर्शकाला तर कळतोच. पण हे मत मी शेवटी सांगते, आधी नाही.

माणसाच्या सुपावर वेळ घालवू नका. कुणाचं लग्न मोडलं, कोण कुणाबरोबर फिरतो, याच्या चिठ्ठ्या सगळ्यांत जास्त निघतात आणि त्यातलं खरं-खोटं आपल्याला कळायला काहीच मार्ग नसतो. पाच मिनिटं हसू द्या आणि सूप उलटं करून ठेवा. फक्त कोर्टात गेलेली प्रकरणं निघाली तर सांगा की आरोप आणि निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरा वेळ तिसऱ्या सुपासाठी राखा. इथे नट कुणाचं पात्र करत नाही, स्वतःचं नाव लावून ‘हे घ्या’ म्हणतो आणि त्याचे पैसे घेतो. टपरीवरच्या त्या सात चिठ्ठ्या इथे बाहेर काढायच्या. आधी पुडीवर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचून घ्या. ‘वेलची’ लिहिलेलं असतं. मग विचारा, याच नावाचं दुसरं काय मिळतं? मुलं खुदखुदतात, सगळ्यांना माहीत असतं. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि तंबाखूच्या जाहिरातींना 2003 च्या कायद्यानेच मनाई आहे. म्हणून नाव वेलचीचं घ्यायचं आणि आठवण दुसऱ्याच मालाची करून द्यायची. याला छुपी जाहिरात म्हणतात, आणि जून 2022 मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक नियमांत तिलाही मनाई आहे.

आता दोन खऱ्या घटना सांगा आणि निवाडा मुलांवर सोडा. ऑक्टोबर 2021 मध्ये अमिताभ बच्चन अशा एका जाहिरातीतून बाहेर पडले, पैसे परत केले. ही छुप्या जाहिरातीत मोडते हे करार करताना त्यांना माहीत नव्हतं, असं त्यांच्या बाजूने सांगण्यात आलं. एप्रिल 2022 मध्ये अक्षय कुमारने वेलचीच्या जाहिरातीबद्दल चाहत्यांची माफी मागितली, मानधन चांगल्या कामाला देतो म्हणाला, पण कराराची मुदत संपेपर्यंत जाहिरात दिसत राहू शकेल हेही सांगितलं. प्रश्न विचारा: माहीत नव्हतं हे कारण चालेल का? आणि माफीनंतरही जाहिरात चालू राहिली तर माफी कितीची?

आमच्याकडचा एक पोरगा नेहमी म्हणतो, “तो काय आपल्या घराकडे येऊन खावा म्हणता?” हा मुद्दा हलका समजू नका. मुंबईची मुलं त्याला जबाबदारीवर लेक्चर देतात आणि तो जिंकतो. त्याला उत्तर द्यायला कायदा काढा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी त्यात झळकणाऱ्या माणसालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. वर्षभर जाहिरात करायला बंदी येऊ शकते, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत. मालाची नीट खातरजमा केली होती हे दाखवता आलं तर सुटका. म्हणजे कायदा नटाला संत व्हायला सांगत नाही, विकण्याआधी माल बघ एवढंच सांगतो. आमच्या मच्छी मार्केटात बांगडो ताजो म्हणून शिळा दिला तर गिऱ्हाईक कोळणीला सोडतं का? हे उदाहरण दिलं की तो पोरगा जरा गप्प होतो. तक्रार करायची असेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर वहीत लिहून घ्यायला लावा.

चांगल्या कामाच्या चिठ्ठ्या उरतात. नाना पाटेकर मुरूड-जंजिऱ्याचा, आपला कोकणातला, त्याने मकरंद अनासपुरेबरोबर 2015 मध्ये दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांसाठी ‘नाम’ ही संस्था काढली. बच्चनांचा पोलिओचा आवाज या मुलांच्या आईबापांना पाठ आहे. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात घरोघर फिरलेल्या बायकांचे पाय नटाच्या आवाजापेक्षा जास्त झिजले, हेही सांगा. मुलं लगेच म्हणतात, मग सगळ्यांनीच असं केलं पाहिजे. मला ते पटत नाही. जो करतो त्याचं कौतुक, जो करत नाही त्याला शिक्षा नको.

शेवटी चहा-भजी ठेवा. भज्यांशिवाय सोळा वर्षांचा मुलगा दोन तास बसत नाही.

गेल्या मार्गशीर्षात जत्रेला गेले होते. पहाटेचे दोन वाजलेले, पेटी-पखवाज रंगात आलेला, राजा तलवार घेऊन उभा. त्याच्या मागच्या पडद्यावर जत्रेच्या देणगीदाराचा बॅनर होता, त्यावर वेलचीची भली मोठी पुडी. माझ्या शेजारी सिगरेटवाल्या काकाची ती पुतणी बसली होती. तिने शेंगदाण्याच्या पुडीचा कागद फाडला, माझ्याकडून पेन मागितलं आणि चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली: “हो राजा खंयच्या सुपात?”

त्या राजाला त्या रात्री किती मिळणार होते ते मला माहीत होतं. बाबांना मिळायचे त्याहून फार जास्त नव्हते. चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आहे, येत्या मेमध्ये तीच पहिली काढणार.