सरकार बदलून राहिलं असताना आपलं काम कसं काढायचं (नागपूरवाल्यांसाठी)

पहिले एक गोष्ट क्लिअर करा भाऊ, खुर्ची रिकामी असली तरी सही कोणाची ना कोणाची चालूच असते. तो सहीवाला शोधायचा. नवे साहेब आले की बघू म्हणून अर्ज घरीच ठेवू नका.

मग गॅप कोणता आहे ते बघा. मुख्यमंत्र्यानं राजीनामा दिला अन् नव्याची शपथ व्हायचीये, तर जुनाच काळजीवाहू म्हणून बसतो, 2024 ला निकाल 23 नोव्हेंबरला लागला, शिंदेंनी 26 ला राजीनामा दिला अन् फडणवीसांची शपथ थेट 5 डिसेंबरला. अशा दिवसांत नवी योजना, मोठी मंजुरी मागायला जाऊ नका, कोणी हात लावत नाही. दाखले-उतारे मात्र रोजच्यासारखेच निघतात. राष्ट्रपती राजवट असली (2019 ला 12 ते 23 नोव्हेंबर होती, पहाटे उठली ते आठवतच असेल) तर कारभार राज्यपालांकडे, म्हणजे खरं तर सचिव अन् कलेक्टरकडे.

सगळ्यात फसवा गॅप म्हणजे मंत्री आहे पण खातं नाही. आपल्याच राजभवनात 15 डिसेंबर 2024 ला 39 मंत्र्यांनी शपथ घेतली, दुसऱ्या दिवशी अधिवेशन सुरू, अन् खातेवाटप झालं 21 ला रात्री, अधिवेशन गुंडाळल्यावर! आता निवेदन घेऊन आलेल्या माणसानं द्यावं कोणाला? तर निवेदनावर माणसाचं नाव टाकूच नका, 'मा. मंत्री, अमुक विभाग' एवढंच लिहा, एक कॉपी सचिवांना, अन् आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

हा प्रकार नवा नाही म्हणा. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले गेले, पोटी मुलगा नव्हता, अन् 1854 ला डलहौसीनं राज्य खालसा करून टाकलं. वारस कोण यावर वाड्यात कितीही बोलणी झाली तरी सही कलकत्त्याची होती.

मनपाचं सांगतो. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली अन् इलेक्शन झालं जानेवारी 2026 ला, मधली जवळपास चार वर्षं आयुक्तच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव मांडणारे तेच अन् मंजूर करणारेही तेच. पुन्हा असं झालं तर माजी नगरसेवकाच्या घरी चकरा मारू नका (चहा मिळेल फक्त), सरळ आपल्या झोनच्या सहायक आयुक्तांकडे लेखी द्या, दहापैकी आपला झोन कोणता ते टॅक्सच्या पावतीवर बघून घ्या. काम अधिसूचित सेवांच्या यादीत असेल तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अर्ज करा, त्यात मुदत ठरलेली असते, सरकार असो नसो. मुदत हुकली की प्रथम अपील, मग द्वितीय, मग आयोग. यादीत नसेल तर माहिती अधिकारात फाईल कोणाच्या टेबलावर आहे ते विचारा, 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

नवे साहेब बसले की नवा अर्ज करू नका, जुन्याच आवक नंबरचं स्मरणपत्र द्या, नाहीतर तारीख परत पहिल्यापासून मोजतात.