लायनर सिमेंटिंग: डार्ट कुठे पोहोचला, हे दाबावरून ओळखणे

लायनर म्हणजे विहिरीच्या खालच्या भागात टांगलेली पोलादी नळी. ड्रिल पाइपने ती खाली नेतात आणि त्याच पाइपमधून सिमेंट पंप करून तिच्याभोवती भरतात. उदाहरणासाठी ५ इंची ड्रिल पाइप (१९.५ पौंड प्रतिफूट), १५०० मीटर. आतलं आकारमान सुमारे ८७.४ बॅरल. सिमेंटमागे डार्ट (पाइप आतून पुसत जाणारं रबरी बूच) सोडल्यावर काउंटर (पंप झालेले बॅरल मोजणारा) शून्यावर आणा.

८० बॅरलला पंप मिनिटाला २-३ बॅरलवर उतरवा आणि दाब दर सेकंदाला नोंदवा. डार्ट पाइपच्या टोकाला पोहोचला, की तिथे अडकवलेल्या वायपर प्लगमध्ये (लायनर पुसत जाणारं बूच) बसतो. मग प्लगला धरून ठेवणारी शिअर पिन तुटते आणि प्लग सुटतो. वेग जास्त असेल तर ही पिन तुटतानाचा टोकदार चढ गोंगाटात हरवतो. आलेखावर चढ आणि लगेच घसरण दिसली, की काउंटरचा आकडा लिहून घ्या.

समजा तो ९० आहे. पंपाची कार्यक्षमता ८७.४ ÷ ९० = ९७ टक्के. पुढचा हिशोब याच आकड्याने करा: ७ इंची लायनरचे (२९ पौंड) लँडिंग कॉलरपर्यंत (प्लग जिथे टेकतो तो भाग) ७३ बॅरल, म्हणजे काउंटरवर आणखी ७५.

चढ दिसलाच नाही तर अंदाजाने दुरुस्ती करू नका, पंपाला द्रव पुरवणाऱ्या टाकीतून मोजलेल्या आकड्यावर विसंबा. प्लग टेकला नाही, तर शू-ट्रॅकच्या (लँडिंग कॉलरपासून शूपर्यंतचा, म्हणजे लायनरच्या तळटोकापर्यंतचा भाग) आकारमानाच्या निम्म्याहून अधिक जादा पंप करू नका. नाहीतर शूभोवतीचं सिमेंट वर ढकललं जातं आणि तिथेच गळती उरते.