लाल पानं बघायला निघालाय? कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही पोरांना घेऊन मसाई पठारावर गेलो होतो. मोबाइलवर काश्मीरच्या चिनारांचे फोटो बघून थोरल्याच्या डोक्यात लाल पानं बसली होती. पठारावर पोचल्यावर त्यानं चौफेर नजर फिरवली आणि विचारलं, "पप्पा, लाल झाडं कुठं हायत?" लाल सोडा, सावलीला बसायलाही धड झाड नव्हतं. सोनेरी पडलेलं गवत, डोक्यावर ऊन आणि सगळ्यांच्या सॉक्समध्ये कुसळं, एवढं मात्र भरपूर मिळालं. पठाराला दोष देऊन काय उपयोग, महिना आम्हीच चुकीचा धरला होता.

बहुतेकांची गाडी इथंच घसरते. इंग्रजी 'ऑटम'ला आपण शरद म्हणतो आणि दिवाळीच्या आसपास पानगळ शोधत फिरतो. पण आपल्या ऋतुचक्रात पानगळीचा ऋतू शिशिर, म्हणजे माघ-फाल्गुन. थंड मुलखात दिवस लहान झाले आणि रात्री गारठल्या की पानातलं हरितद्रव्य मोडतं, आत दडलेला पिवळा रंग वर येतो आणि काही झाडं लाल रंगद्रव्य नव्यानं तयार करतात. आपल्याकडं झाडाला घोर थंडीचा नसतो, पाण्याचा असतो. जमिनीतली ओल आटायला लागली की ऐन, शेमट, काटेसावर पानं टाकून पाणी वाचवतात. तेही डिसेंबर उलटल्यावर, ज्याच्या त्याच्या सवडीनं.

आणि खरी गंमत पुढंच आहे. आपल्याकडचा झगझगीत लाल रंग गळणाऱ्या पानांत शोधूच नका, तो नव्या पालवीत येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुसुंब असा पेटतो की लांबून झाडाला आग लागल्यासारखं वाटतं. कोवळ्या पानाला उन्हापासून जपण्यासाठी ते लाल द्रव्य असतं असं मानतात, पान निबर झालं की हिरवं होतं. हा खेळ फार दिवस टिकत नाही, म्हणून 'पुढच्या रविवारी बघू' म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याच सुमाराला पळस आणि पांगाराही फुललेले असतात.

दिवाळीतच जायचं ठरलं असेल तर किंजळाची झाडं शोधा. गगनबावड्याच्या वाटेवर मेव्हणीनं एकदा ओरडून गाडी थांबवायला लावली होती, "भाऊजी, ती बघा लाल पानं!" डोंगरउतारावर तांबूस-विटकरी झाडं दिसत होती खरी. जवळ जाऊन बघितलं तर पानं हिरवीच, वरचा सगळा रंग पंखवाल्या फळांच्या घोसांचा. पोरांनी ती फळं वाऱ्यावर उडवण्यात अर्धा तास घालवला.

दुसरी चूक जागेची. रंग बघायचे म्हणून लोक थेट दाजीपूर गाठतात. तिथलं राधानगरी अभयारण्य गव्यांसाठी नावाजलेलं आहे, 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीतही आहे. पण तिथल्या दाट भागात अंजनी-जांभळासारखी सदाहरित झाडं. ती बारमाही हिरवी, पानगळ दिसणार कुठून? शिवाय पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं आणि एरवीही आत मनाला येईल तिथं पायी फिरता येत नाही, त्यामुळे निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा. रंगांसाठी पानझडी झाडांचे उतार हवेत. लहान मुलं असतील तर मी पन्हाळाच सांगेन. कोल्हापुरापासून जेमतेम वीस किलोमीटर, गाडी वरपर्यंत जाते आणि पलीकडं पावनगडाकडं जाणारी वाट झाडीतून आहे. पोरगं दमलं की मागं फिरायचं.

'पन्हाळा ते पावनखिंड करूया की, त्यात काय!' असं म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. 1660 च्या त्या रात्रीचा अभिमान सगळ्यांनाच आहे, पण ती वाट आता दोन दिवसांत करतात. सहा वर्षांच्या पोराला त्यात ओढू नका.

आता वाळल्या पानांविषयी, कारण इथं चूक महागात पडते. परदेशातल्या व्हिडिओत मुलं पानांच्या ढिगात धावत येऊन उड्या मारतात. आपल्या पोरांनी ते बघितलेलं असतंच. आपल्याकडच्या पाचोळ्यात फुरसं, घोणस असे विषारी साप असू शकतात, विंचू तर हमखास. फुरसं इतकं मातकट की पायाशी असून दिसत नाही. ढिगात उडी नाही, हात घालणं नाही, पुढं चालणाऱ्या मोठ्या माणसानं काठी आपटत जायचं, हे घरातून निघतानाच ठरवून टाका. पाचोळ्याखालचे सुटे दगड गोट्यांसारखे सरकतात, तेव्हा कोल्हापुरी चप्पल कितीही ऐटदार असली तरी गाडीतच राहू दे. पायात बूट आणि फुल पँट. गोचीड आणि कुसळं दोन्हींपासून तेवढीच सुटका.

पानगळीच्या याच दिवसांत खाजकुयलीच्या वेलीवरच्या शेंगा पिकतात. मखमली तपकिरी शेंग दिसली की पोरं हात लावणारच. खाज सुटली तर चोळू नका, चोळल्यानं शेंगेवरची लव आणखी आत रुतते. चिकटपट्टी दाबून लावायची आणि ओढून काढायची, दोन-चार वेळा, मग साबणानं धुवायचं. ती चिकटपट्टी बॅगेत असावी लागते, ही अक्कल मला धाकट्याच्या रडण्यातून आली.

वाळल्या गवतात चूल नको, बिडी-सिगारेट नको. आग्या मोहोळ दिसलं की आवाज बंद आणि मागं फिरा. सकाळी कटाची मिसळ चापून डोंगर चढायला गेलात तर अर्ध्या वाटेत पाणी संपतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या, मिसळ उतरल्यावर.

सगळं नीट करूनही रंग हुकतो, तसा आमचाही हुकला. एका वर्षी होळीच्या आधी आठवडाभर जो कुसुंब लालबुंद होता, तो पुढच्या वर्षी त्याच दिवसांत हिरवागार होऊन बसला होता. तेव्हापासून तारीख धरणं सोडून दिलं. थोरल्याच्या शाळेच्या वाटेवर एक जुना पिंपळ आहे. त्याला तांबूस पालवी फुटली की थोरला घरी येऊन दप्तर टाकतो आणि म्हणतो, "पप्पा, रविवारी गाडी काढा."