पहाटे चारला उठवणारं मांजर: काय करावं, काय करू नये

‘मांजर निशाचरच, त्याला इलाज नाही’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ते संधिप्रकाशातलं जनावर आहे. सांजावताना आणि उजाडायच्या आधी त्याच्या अंगात येतं. ‘दिवसा झोपू देऊ नका’ हा सल्ला त्याहून वाईट. दिवसाकाठी १२ ते १६ तास झोपणाऱ्या जिवाला जागं ठेवायला तुम्हीच जागे राहाल.

नसबंदी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. माजावर आलेली मांजर आणि तिच्या मागावरचा बोका यांच्यापुढे कुठलीच युक्ती चालत नाही. खिडक्यांना जाळी लावा, अंधार पडायच्या आत त्याला घरात घ्या.

झोपण्यापूर्वी दोरीला पीस बांधून पंधरा मिनिटं पळवा, शेवटी ते पकडू द्या आणि लगेच दिवसातलं सर्वांत मोठं जेवण वाढा. शिकार, खाणं, अंग चाटणं, मग झोप, हा त्याचा ठरलेला क्रम. लेझरचा ठिपका नको. पंजात काहीच येत नाही, मांजर नुसतं पिसाळतं.

आता पहाट. इथेच सगळे हरतात, मीही हरलो. आमचा बोका चारला दारावर नखं घासायचा. दुर्लक्ष करायचं ठरवलं. आठ रात्री निभावलं, नवव्या रात्री पाऊण तास ओरडला तेव्हा उठून वाटीत दाणे टाकले. तो काय शिकला? पाऊण तास ओरडलं की मिळतं! पुढचे दोन आठवडे त्याने तेवढा नेम धरून ओरडून दाखवलं.

दुर्लक्ष सुरू केलं की ओरडणं आधी वाढतं, मग थांबतं. वाढलं म्हणजे उपाय फसला असं समजून लोक नेमके तेव्हाच उठतात. उठून रागावणं, पाणी शिंपडणं हेही नको. पहाटे चारला तुम्ही उठलात, एवढंच त्याला पुरतं. घरातल्या सगळ्यांना हे पटवा. एक मऊ मनाचा माणूस सगळ्यांची मेहनत पाण्यात घालतो. आणि तुम्ही जागे झाल्या झाल्या वाटी भरू नका. चहा घ्या, मग भरा. वेळ लावून उघडणारं खाण्याचं यंत्र मिळालं तर उत्तमच, मांजर तुमच्याऐवजी त्याच्यासमोर ठाण मांडून बसतं.

मात्र दहा वर्षांपुढचं मांजर एकाएकी रात्री ओरडू लागलं तर दुर्लक्ष नको. थायरॉइड, रक्तदाब किंवा म्हातारपणातला गोंधळ असू शकतो. डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, लघवी होत नाहीये, असं दिसलं तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. त्याच रात्री न्या.