पोरगं कार्टिंगला पाठवताय? आधी सील बघा

माझं गॅरेज सोलापुरात, अक्कलकोट रोडला. आरएक्स आणि येझदीची हेडं खोलण्यात हयात गेली, त्यामुळं पुतण्या कार्ट, म्हणजे रेसची बुटकी उघडी गाडी, चालवायला लागला तेव्हा इंजिन आपसूक माझ्याच गळ्यात पडलं. आता पोरांचे बाप विचारायला येतात, म्हणून लिहितोय.

आधी लायसन्स. स्पर्धेला आरटीओचं कामाचं नाही, एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर रेसिंगच्या संघटनेचं, काढावं लागतं. वयाचा पुरावा, डॉक्टरचा दाखला, अठराच्या आतलं पोरगं असेल तर पालकांची संमती. ब्रिटनमध्ये नवख्यांना झेंड्यांचा लेखी पेपर असतो म्हणे. आपण तो घरीच घ्यावा. पिवळा दिसला की ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे रेस थांबली, वेग कमी करा. काळ्यावर नारिंगी गोल आणि सोबत आपला नंबर असेल तर कार्टमध्ये बिघाड आहे, पिटमध्ये या. जेवताना मध्येच विचारा. पोरगं अडखळलं तर पाठ नाही.

आता इंजिन. रोटॅक्स कंपनीच्या इंजिनांवर ज्या कार्ट रेस होतात, त्या रोटॅक्स मॅक्सच्या वर्गांत 125 सीसी टू-स्ट्रोक इंजिन सीलबंद येतं. ते सील अधिकृत सर्व्हिस सेंटरनंच तोडायचं, त्यांनीच लावायचं. सेकंडहँड घेताना सीलचा नंबर आणि इंजिनाची कागदं जुळवूनच पैसे द्या, नाहीतर ते रेसला बाद. पोर्ट घासणं, हेड लेव्हल करणं हे आपल्या मेस्त्री लोकांचे हातखंडे इथं चालत नाहीत. तपासणीवाले प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालतात, क्रँक फिरवतात आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजतात, म्हणजे पिस्टन आणि हेडमधली फट कळते. हेडला हात लावलेला असेल तर तिथंच कळतं.

मग आपल्या हातात काय? जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मापात सोडणारं बारीक भोकाचं नोझल. सोलापूरच्या 42 अंशांत हवा विरळ होते, तोच जेट ठेवला तर मिश्रण जाड होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त, आणि इंजिन गुरगुरतं. जेट एक नंबर लहान करा. पण थंड सकाळी तो लहान जेट तसाच ठेवलात तर पिस्टन धरलाच, म्हणजे जाम झालाच समजा. प्लग तांबूस असावा. पांढरा दिसला तर लगेच मोठा जेट. ऑइल दोन टक्के, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला 100 मिली, मापानं. अंदाजपंचे ओतायची सवय मोडा की ओ.

शेवटी वजन. कार्ट आणि ड्रायव्हर मिळून किमान वजन भरावंच लागतं. कमी पडलं तर सीटला शिशाची प्लेट बोल्टनं पक्की करा. रेसनंतरचा काटा हेल्मेट-सूटसकट होतो. पोराला सांगून ठेवा, काटा होईपर्यंत काही उतरवायचं नाही.