पब्लिक मेथडमध्ये नल कसं तपासावं (आणि यील्ड असेल तर काय करावं)

उदाहरण आपल्या कोल्हापूरचंच घेऊ. मार्केट यार्डात गुळाचे सौदे झाले की अडत्या शेतकऱ्याला पट्टी देतो: किती रवे, काय दर, हमाली-तोलाई वजा जाऊन हातात किती. ही पट्टी काढणारी लायब्ररी सी-शार्पमध्ये लिहायची आहे. तिच्यात 'पट्ट्याकाढा' ही पब्लिक (म्हणजे बाहेरच्या कोडला हाक मारता येणारी) मेथड आहे आणि ती सौद्यांची यादी घेते. यादीच्या जागी नल, म्हणजे 'काहीच नाही', आलं तर काय करायचं, ते पाहू.

१. तपासणी पब्लिक आणि प्रोटेक्टेड (वारसा घेणाऱ्या क्लासना दिसणाऱ्या) मेथडमध्येच. प्रायव्हेटला हाक मारणारे आपणच, तिथं गर्दी नको.

२. मेथडच्या पहिल्याच ओळीत आर्ग्युमेंटनलएक्सेप्शन.थ्रोइफनल(सौदे). सौदे नल असेल तर ती तिथंच एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेकते. डॉटनेट ६ पासून (२०२१) ही सोय आहे आणि आर्ग्युमेंटचं नाव ती स्वतःच उचलते. जुन्या प्रोजेक्टात इफनं तपासा, थ्रोनं एक्सेप्शन फेका आणि नाव नेमऑफनं द्या. जावावाल्यांना ऑब्जेक्ट्स.रिक्वायरनॉननल आहेच.

३. नल आलं तर रिकामी यादी धरून पुढं जायचं नाही. 'युजरला एरर दिसायला नको' म्हणून हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यानं शून्य रुपयांची पट्टी छापली जाते आणि चूक कळते ती शेतकरी काउंटरवर येऊन भांडतो तेव्हा. त्यापेक्षा प्रोग्रॅम तिथंच पडलेला बरा.

४. सी-शार्प ८ चे नलेबल रेफरन्स टाइप्स (कुठं नल चालेल ते टाइपमध्येच लिहायची सोय) चालू करा, पण त्यांच्या भरवशावर वरची ओळ काढू नका. ते फक्त कंपाइल करताना इशारा देतात. हाक मारणाऱ्यानं ते बंद ठेवले असतील, तर चालू प्रोग्रॅममध्ये नल खुशाल आत येतं.

५. आता खरी मेख. मला सगळ्यात जास्त दमवलं ते इथं.

पट्ट्या एकेक करून द्यायच्या म्हणून 'पट्ट्याकाढा'मध्ये यील्ड रिटर्न वापरलं. पहिली ओळ थ्रोइफनल, सगळं नियमाप्रमाणे. नल देऊन मेथडला हाक मारली तर काहीच होत नाही! यील्ड असलेल्या मेथडचं अंग हाक मारताना चालतच नाही. परत मिळतो तो नुसता इटरेटर (मागितल्यावर एकेक पट्टी देणारी वस्तू), आणि पहिली ओळ चालते ती कुणी त्यावर फोरईच लूप फिरवेल तेव्हा. आमच्याकडं फोरईच होतं छपाईच्या मॉड्यूलमध्ये. एक्सेप्शन तिथं फुटायचं, स्टॅक ट्रेसमध्ये (कुणी कुणाला हाक मारली त्या यादीत) छपाईचा कोड दिसायचा, आणि यादी नल पाठवणाऱ्या मूळ मेथडचा त्यात मागमूसही नाही. माणूस प्रिंटरच्या मागं लागतो हो.

यावर 'हाक मारल्यावर लगेच टूलिस्ट करा', म्हणजे सगळ्या पट्ट्या एकदम काढून यादीत घ्या, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. तपासणी आपली आहे, ती दुसऱ्याच्या शिस्तीवर का सोडायची?

मेथडचे दोन तुकडे करा. बाहेरच्या पब्लिक मेथडमध्ये यील्ड अजिबात नको: फक्त थ्रोइफनल, आणि मग आतल्या मेथडनं दिलेलं रिटर्न करायचं. यील्ड सगळं आतल्या मेथडमध्ये. सी-शार्प ७ पासून आतली मेथड लोकल फंक्शन म्हणून तिथंच लिहिता येते. नंतर कुणीतरी 'एवढ्याशा कामाला दोन मेथड कशाला' म्हणत त्या परत एक करतो, म्हणून वर एक कॉमेंट टाकून ठेवा.

असिंक मेथडची जात हीच. ती लगेच उत्तराऐवजी टास्क (नंतर पुऱ्या होणाऱ्या कामाची पावती) देते. एक्सेप्शन त्या टास्कमध्ये जाऊन बसतं आणि अवेट केल्यावर, म्हणजे काम पुरं व्हायची वाट पाहिल्यावर, बाहेर येतं. पण बहुतेक जण हाक मारतानाच अवेट करतात, त्यामुळं तिथं मी तुकडे पाडत बसत नाही. टास्क साठवून नंतर अवेट होणार असेल तरच पाडतो.

६. टेस्ट लिहा. मात्र तिच्यात फोरईच किंवा टूलिस्ट नको. नल देऊन नुसती हाक मारायची आणि तिथंच आर्ग्युमेंटनलएक्सेप्शन आलं पाहिजे. टूलिस्ट लावलेली टेस्ट तुकडे न पाडलेल्या मेथडलाही पास करते.