ट्यूब ॲम्प निवडायचाय? आधी आवाज सारखा करा, मग ऐका

गिटारसाठी ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ॲम्प्लिफायर, घ्यायचा म्हटलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो, अमुकच ट्यूब हवी, तीस वॉटच्या खाली बघूच नको, आणि सल्ला देणाऱ्यांपैकी कित्येकजण स्वतः घरी व्हॉल्यूम दोनच्या वर नेत नाहीत. मी इतके ॲम्प ऐकलेत, घेतलेत, विकलेत आणि मित्रांना घेऊन द्यायला सोबत गेलोय की आता माझं मत पक्कं झालंय. ट्यूब ॲम्पला एक जागा असते, त्या व्हॉल्यूमच्या आसपास तो खुलतो, हाताला उत्तर द्यायला लागतो, आणि ती जागा तुम्ही रोज जेवढ्या आवाजात वाजवता तिथेच यायला हवी. बाकी सगळं, ट्यूब, वॉट, नाव, ह्याच्यानंतर.

तर कसं करायचं ते सांगतो.

आपली गिटार, आपली केबल, आपलं पिक घेऊन जा. केबल पण आपलीच, कारण लांब केबल वरचे सूर खाते आणि तिथली दहा मीटरची केबल लावून तुम्ही ॲम्पला डल म्हणाल.

इफेक्टचे पेडल सगळे काढायला लावा, रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) शून्यावर. दुकानात हमखास कोणीतरी आधीच डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) आणि रिव्हर्ब लावून ठेवलेला असतो, त्यात काहीही छानच वाटतं.

चालू करून दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. तोपर्यंत गिटार ट्यून करा.

टोनचे नॉब सगळे मधोमध ठेवून सुरुवात करतात लोक, करा, पण मधोमध म्हणजे फ्लॅट (सगळे सूर सारखे) असं समजू नका. फेंडर आणि मार्शल ह्या कंपन्यांच्या धाटणीच्या ॲम्पमध्ये बेस, मिडल, ट्रेबल एकमेकांवर अवलंबून असतात, एक हलवला की दुसऱ्याचं काम बदलतं. जुन्या फेंडर पद्धतीच्या सर्किटमध्ये सगळे शून्यावर नेले तर आवाजच जवळजवळ बंद होतो, आणि पाचवर ठेवले तर मधले सूर खाली दबलेले असतात. व्हॉक्स एसी३० ह्या ॲम्पवर जो कट नावाचा नॉब असतो तो तर उलटा चालतो, वाढवला की ट्रेबल कमी होतो. तेव्हा प्रत्येक नॉब एकदा पूर्ण इकडून तिकडे फिरवून बघा, मगच बोला.

आणि खाली बसा. ॲम्प जमिनीवर, तुमचे कान दीड मीटर वर, असं ऐकून ठरवायचं नाही. गिटारचा बारा इंची स्पीकर वरचे सूर सरळ रेषेत समोर फेकतो, उभं राहिलात तर ते तुमच्या गुडघ्यांना लागतात आणि कानाला फक्त घुमणारा बेस येतो. मग माणूस ट्रेबल वाढवतो, आणि समोर बसलेल्या लोकांचे कान किटतात. ॲम्प खुर्चीवर ठेवा नाहीतर मागे तिरका करा. कोपऱ्यात ठेवलेला असेल तर पुढे ओढा, भिंत आणि जमीन दोन्ही बेस फुगवतात.

आता मुख्य टप्पा. हा समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि ह्याच्याबद्दल कोणी नीट सांगत नाही, म्हणून इथे जरा सावकाश वाचा.

आधी ॲम्पचा आवाज कुठे फुटतो, म्हणजे स्वच्छ न राहता खरखरीत व्हायला लागतो, ते शोधायचं. मास्टर व्हॉल्यूम (शेवटी एकूण आवाज ठरवणारा नॉब) असेल तर तो पूर्ण वर आणि गेन (आधीच्या टप्प्यात सिग्नल वाढवणारा नॉब) अगदी खाली. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) तुम्ही नेहमी वापरता तो. आता एक साधा ई मेजर धरा आणि गेन (किंवा एकच व्हॉल्यूम असेल तर तो) हळूहळू वर न्या, प्रत्येक वेळी एकदा हलक्या हाताने आणि एकदा जोरात वाजवून. एक जागा अशी येते की हलक्या हाताला स्वच्छ आवाज येतो आणि जोरात मारलं की कडा फाटायला लागते. तिथे थांबा. नॉबचा आकडा बघू नका, तो काहीच सांगत नाही, कित्येक ॲम्पमध्ये तीन-चारवरच बहुतेक सगळा जोर येऊन जातो आणि पुढे फक्त फुटणं वाढतं.

त्या जागेवर गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणा. आवाज स्वच्छ झाला आणि तरी चमक राहिली, तर ॲम्प कामाचा. नुसता मंद आणि कोंदट झाला, तर एकदा ब्राईट स्विच (वरचे सूर वाढवणारा) वगैरे असेल तर लावून बघा (गिटारमध्ये ट्रेबल धरून ठेवणारा कपॅसिटर नसेल तर दोष थोडा गिटारचाही असतो), तरी तसाच राहिला तर पुढे चला. मग एकच तार घेऊन वरच्या फ्रेटवर सूर लांबवा आणि तो मरताना ऐका. चांगल्या ॲम्पमध्ये फुटलेला सूर हळूहळू स्वच्छ होत विझतो. शेवटी फसफस करत अचानक तुटला तर ट्यूब थकलीय किंवा बायस (पॉवर ट्यूबमधून किती करंट वाहावा त्याची सेटिंग) चुकलाय अशी शंका घ्या.

आणि आता स्वतःला विचारा की आत्ता जेवढा आवाज येतोय तेवढ्यात तुम्ही रोज वाजवू शकता का. घरात नाही, बँडमध्ये हो, असं असेल आणि तुम्ही बँडमध्ये वाजवत असाल तर उत्तम. पण तुम्ही घरीच वाजवणार असाल आणि ही जागा यायला खिडक्या थरथरल्या असतील तर तो ॲम्प तुमच्यासाठी मोठा आहे, कितीही सुंदर वाजला तरी. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, मला माहितीये, समोर इतका सुरेख ॲम्प असतो आणि मन म्हणतं की बघू, करू काहीतरी. नका घेऊ.

दोन ॲम्पची तुलना करताना तर ह्याहून मोठा सापळा आहे. जो ॲम्प जरासा मोठ्याने वाजतो तो कानाला जास्त चांगला वाटतो. मोठा वाटत नाही, चांगला वाटतो, आणि एक-दोन डेसिबलचा फरक सुद्धा त्याला पुरतो. ह्याचं कारण आपल्या कानात आहे, कमी आवाजात आपल्याला बेस आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, आवाज वाढला की ते भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन ह्या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून मांडलंय. म्हणून कोणी म्हणालं की हा ॲम्प जास्त भरदार आहे, की मी आधी विचारतो, आवाज सारखा केला होतास का? शंभरातल्या नव्वद वेळा नसतो केलेला.

करायचं असं. दोन्ही ॲम्प शेजारी ठेवा, दोघांचीही ती फुटायची जागा काढून ठेवा. फोनवर आवाज मोजायचं कुठलंही फुकटचं ॲप घ्या, फोन तुमच्या कानाजवळ एकाच जागी ठेवा, आणि तोच कॉर्ड त्याच जोराने वाजवून मास्टरने दोघांचा आकडा जुळवा. ॲपचा आकडा खरा असायची गरज नाही, दोघांना सारखा आला की झालं. मास्टर नसेल तर जो जास्त मोठा वाजतोय त्याच्यापासून लांब बसा, हा उपाय अगदी काटेकोर नाही पण काहीच न करण्यापेक्षा फार बरा. लूपर (वाजवलेलं भरून घेऊन परत परत वाजवणारा पेडल) असेल तर त्यात चार बारचा एक तुकडा भरून दोन्हीत वाजवा, म्हणजे तुमचा हात बदलत नाही. मग पाठ फिरवून बसा आणि मित्राला केबल बदलायला सांगा. नाव दिसत नसताना कोणता आवडतो ते दोन-तीनदा सांगा. प्रत्येक वेळी वेगळाच आवडला तर दोन्ही सारखेच आहेत, वजनाला हलका असेल तो घ्या. लूपरनंतर मात्र हाताने वाजवून बघायचंच, कारण ट्यूब ॲम्पचा अर्धा निकाल बोटांना कळतो, कानाला नाही.

एका वेळी दोनच ॲम्प. पाच ठेवलेत तर तिसऱ्यानंतर कान थकतो. अर्ध्या तासाने बाहेर चक्कर मारा, आणि जोरात वाजवताना कानात प्लग घाला, गेलेले कान परत येत नाहीत.

वॉटबद्दल थोडं, कारण इथे लोक फारच चुकीचं सांगतात. १५ वॉट आणि ३० वॉट ह्यात फरक फक्त ३ डेसिबलचा, कळतो पण थोडाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे ज्या ॲम्पवर १५ वरून १ वॉट करायचं बटण असतं, त्याने आवाज निम्म्याहून जरा कमी होतो, बस. घरी हळू वाजवायला १ वॉट आहे ना, असं म्हणून फसू नका, १ वॉटचा ट्यूब ॲम्प फुटायला लागला की शेजाऱ्यांना नीट ऐकू जातो. स्पीकर बदलूनही फरक पडतो, ९७ डेसिबलच्या (तेवढ्याच वॉटवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो तो आकडा) स्पीकरऐवजी १०० डेसिबलचा लावला तर वॉट दुप्पट केल्यासारखंच आहे. ड्रमबरोबर वाजवायला चांगल्या स्पीकरचा १५ ते २२ वॉटचा ॲम्प बहुतेकांना पुरतो, अगदी स्वच्छ आवाज ड्रमच्या वर हवा असेल तरच मोठा बघा. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब ८५ वॉटचा आहे, तो स्वच्छ राहण्यासाठीच केलाय, त्याच्याकडून ट्यूब फुटल्याचा आवाज घरात मागणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि वजन तीस किलोच्या आसपास, जिना चढताना आठवेल.

ट्यूबच्या नावांवरून फार भांडू नका. ईएल८४ लवकर फुटते आणि वर चमचमते, ६व्ही६ मऊ, ६एल६ मोकळी आणि खाली घट्ट, ईएल३४ मधल्या सुरांत पुढे येते, हे ढोबळमानाने खरंय, पण पॉवर ट्यूबवर, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या ह्या मोठ्या ट्यूबवर, जोर आला तरच. मास्टर खाली ठेवून गेनने आवाज फोडलात तर ते सगळं काम आधीच्या टप्प्यातल्या छोट्या १२एएक्स७ ट्यूब करतायत, पॉवर ट्यूब आरामात बसल्यात. म्हणून घरी मास्टर एकवर ठेवून वाजवणाऱ्याने ईएल३४ हवी की ६एल६ ह्यावर झोप उडवायची काहीच गरज नाही, त्याने मास्टर खाली असताना कोणता ॲम्प चांगला वाजतो तेवढंच तपासावं. अटेन्युएटर (ॲम्प आणि स्पीकरच्या मधे लावून आवाज उतरवणारी पेटी) थोडा आवाज उतरवायला ठीक, पण फार खाली आणलात की स्पीकर हलत नाही, कानाला बेस कमी येतो, आणि ती मजा जाते.

डिले-रिव्हर्ब वापरता आणि आवाज ॲम्पच्याच गेनने फोडता? मग इफेक्ट्स लूप (गेनच्या नंतर इफेक्ट जोडायची सोय) असलेलाच घ्या. पेडलने फोडत असाल तर लूप नसला तरी चालतो.

जुना ॲम्प घेत असाल तर अजून काही गोष्टी. केबल न लावता व्हॉल्यूम वाढवा, थोडी सूं चालते, जोरदार गुणगुण नाही. पेन्सिलच्या खोडरबराच्या टोकाने छोट्या ट्यूबवर हलकेच टिचकी मारा, स्पीकरमधून टणटण वाजली तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झालीय, बदलावी लागेल, पण हा मोठा खर्च नाही. पॉवर ट्यूबला हात लावू नका, भाजेल, फक्त अंधारात बघा: दिव्यासारखा नारिंगी उजेड बरोबर, काचेच्या आतली धातूची पट्टी लाल व्हायला लागली तर लगेच बंद. सूर लांबवताना मागे दुसराच खोटा सूर ऐकू आला तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर गेलेत अशी शंका घ्या, पंधरा-वीस वर्षांत ते बदलावे लागतातच, तो खर्च भावात धरा. मागच्या पाटीवरचं व्होल्टेज आपल्या विजेशी जुळतंय का बघा. आणि चेसिस (आतलं सर्किट असलेली धातूची पेटी) स्वतः उघडायचं नाही, प्लग काढल्यावरही आत ४०० व्होल्टच्या आसपास चार्ज साठून राहू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो. ते काम टेक्निशियनचं.

एकदा ठरला की विकणाऱ्याला विचारा बायस फिक्स्ड आहे की कॅथोड. कॅथोड बायस असेल तर पॉवर ट्यूब बदलताना तिथल्याच प्रकारची जुळलेली जोडी बसवली की झालं, फिक्स्ड असेल तर प्रत्येक वेळी बायस लावून घ्यावा लागतो.

हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगळं घेतलंत तर घरी आणल्यावर पहिल्यांदा ओहम जुळवा, ८ च्या जॅकला ८ चा स्पीकर, आणि मधे गिटारची केबल नाही, स्पीकरचीच केबल. स्पीकर लावल्याशिवाय ट्यूब ॲम्प कधीही चालू करायचा नाही, त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि अख्ख्या ॲम्पमध्ये तोच सगळ्यात महागड्या भागांपैकी एक असतो. मग पुन्हा ती फुटायची जागा शोधा, आपल्या खोलीत, आपल्या आवाजात, आणि दुकानाची परत करायची मुदत संपायच्या आत.